मडक्यातलं पीठ

प्रिय लेकरा,

प्रभूमध्ये सलाम.

तुझं पत्र परवा मिळालं. सोयाबीन हाती लागलं नाही, बाबांच्या डोक्यावर सोसायटीचं कर्ज आहे. शेजारचं जोडपं मुकादमाकडून उचल घेऊन कोयत्यावर, ऊसतोडीला गेलंय आणि म्हातारी नातवंडांना घेऊन मागे राहिली आहे. आपल्याच घरी ओढाताण असताना तिला द्यावं, की ते देवावर सोडावं, असं तू विचारतेस. देवावरचा भरवसा आणि शेजाऱ्याला देणं ही तू दोन टोकांना ठेवलीस. पवित्र शास्त्रात ती एकाच चुलीवर सापडतात.

१ राजे १७ वा अध्याय पुन्हा वाच, सावकाश. दुष्काळ पडलेला. देव एलीया संदेष्ट्याला कुणा धनवंताच्या वाड्यावर पाठवत नाही, सारफथ गावच्या विधवेकडे पाठवतो. ती काटक्या वेचतेय, मूठभर पिठाची शेवटची भाकर लेकरासोबत खायची आणि मरणाची वाट बघायची म्हणून. त्या भाकरीतली पहिली तिने संदेष्ट्याला दिली. पुढचं नीट बघ. मडकं काठोकाठ भरलं असं तिथे कुठेही लिहिलेलं नाही. पीठ सरलं नाही, तेल आटलं नाही, एवढंच लिहिलंय. पाऊस तर पुढच्या अध्यायात येतो. म्हणजे रोज सकाळी मडक्यात हात घालताना तिला नव्याने भरवसा ठेवावा लागला असणार. रानात देव इस्राएलांना रोज द्यायचा तो मान्ना, ते अन्नही तसंच होतं, उद्यासाठी ठेवलं की त्यात किडे पडायचे.

याचा अर्थ हात बांधून बसायचं असा नाही. योसेफाने मिसरात दुष्काळाआधी सात वर्षं धान्याची कोठारं भरली, तीही देवाचीच योजना होती. पीक विम्याचे कागद मुदतीत दे, विहिरीचा गाळ काढ, कर्जाबद्दल बाबांशी मोकळेपणाने बोल.

२०१६ च्या एप्रिलात लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आलं, ते तू लहानपणी ऐकलं असशील. त्या उन्हाळ्यात आपण सगळे पावसासाठी गुडघ्यावर होतो. पाऊस आधी आला नाही. आधी रेल्वेच्या पाण्याच्या वाघिणी आल्या, कुणीतरी तिकडे पाइप जोडून भरलेल्या. मी त्याला प्रार्थनेचंच उत्तर मानतो. देव पुरवतो तेव्हा बहुतेक वेळा कुणाच्या तरी हातून पुरवतो, आणि त्या म्हातारीसाठी तो हात तुझा असू शकतो. म्हणून "देव बघेल, काळजी करू नका" एवढंच बोलून तिच्या दारातून परत फिरू नकोस. याकोबाने आपल्या पत्राच्या दुसऱ्या अध्यायात अशा कोरड्या शब्दांची चांगलीच खरडपट्टी काढली आहे.

द्यायचं कसं, ते रूथच्या पुस्तकातल्या शेतमालक बवाजाकडून शिक. रूथ परकी, मवाबी, विधवा. ती सरवा वेचायला आली तेव्हा त्याने गड्यांना सांगितलं, पेंढ्यांतून मुद्दाम थोडी कणसं गळू द्या आणि तिला धमकावू नका. तिला वेचल्याचा मान मिळाला, मागितल्याची लाज वाटली नाही. आपल्याकडे शिध्याच्या किटची पिशवी हातात देऊन फोटो काढतात आणि तो ग्रुपवर टाकतात. मला ते फार लागतं. तू तसं करू नकोस. "आजी, आमच्याकडं भाकरी जास्त झाल्यात, पोरांना घ्या," म्हणत जा. तिची नातवंडं संध्याकाळी तुमच्या ओसरीवर अभ्यासाला बसू देत.

आणि मंडळीत, म्हणजे चर्चला येण्याची अट चुकूनही घालू नकोस. प्रभू येशूच्या शब्दाने दहा कुष्ठरोगी शुद्ध झाले, आभार मानायला एकच परतला. प्रभूने विचारलं जरूर, बाकीचे नऊ कुठे आहेत म्हणून. पण त्यांचं बरेपण काढून घेतलं नाही.

किती द्यायचं ते आईला विचारून ठरव. घरातल्या ज्वारीचा अंदाज तिला आहे, मला नाही. तिच्या नकळत काही देऊ नकोस. आठवड्याला दोन वेळचं निघत असेल तर तेवढंच दे, पण हंगाम संपून ती माणसं परत येईपर्यंत खंड पडू देऊ नकोस. तुमच्याच घरी कमी पडलं तर पाळकसाहेबांना सांग. मंडळीकडून घेण्यात कमीपणा मानू नका, बाबांनाही हे वाचून दाखव.

विम्याचं काय झालं ते कळव.

तुझा,
काका