घड्याळ न्यूयॉर्कचं, कुरबूर ऐरोलीत

प्रश्न : ऐरोलीत आमची पंचवीस जणांची सॉफ्टवेअर कंपनी आहे. त्यातले बाराजण न्यूयॉर्कच्या एका ग्राहकाचं काम बघतात. दिवाळीच्या सुमारास या टीममध्ये कुरबुरी सुरू होतात, लवकर निघणाऱ्याला टोमणे बसतात. मार्चमध्ये सगळं आपोआप निवळतं. टीम-बिल्डिंगसाठी कर्जतला नेऊन आणलं, फरक शून्य. काय करावं?
– एक व्यवस्थापक, ऐरोली

उत्तर : कर्जतचा खर्च वाचवा. दुखणं कुठलं ते तुमच्या तारखाच सांगतात. अमेरिकेत नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी घड्याळं तासभर मागे जातात आणि मार्चच्या दुसऱ्या रविवारी पुन्हा पुढे. तिथली सकाळी नऊची मीटिंग आपल्याकडे एरवी संध्याकाळी साडेसहाला असते, ती साडेसातला जाते. ग्राहकाचे नऊ नऊच राहतात, त्यामुळे त्याला पत्ताही नसतो. तासाची मीटिंग, वर अर्धा तास टिपणं, की वाजले नऊ. डोंबिवलीच्या माणसाला ठाण्याला गाडी बदलायची असते. तो साडेआठलाच बॅग उचलतो आणि जवळच्या घणसोलीचा विचारतो, ‘आज हाफ डे का?’

ऑक्टोबरच्या मध्यालाच ग्राहकाला लिहा : हिवाळ्यात तुमच्या आठला भेटू. म्हणजे इथे साडेसहाच. कॅलेंडरचं निमंत्रण भारतीय वेळेवर बांधा. न्यूयॉर्कच्या वेळेवर बांधलेलं स्वतःहून सरकतं.

नाही म्हणाला, तर पाळी लावा. आठवड्याला दोघं, म्हणजे प्रत्येकाला सहा आठवड्यांतून एकदा. त्या दोघांनी दुपारी बाराला यायचं. पाळी मोडते ती बहुधा इथेच, कारण सकाळी दहाचा स्टँडअप, म्हणजे टीमची रोजची छोटी बैठक, तसाच राहतो आणि त्यांनाही बोलावलं जातं. तो साडेबाराला न्या. शिवाय ‘याची घरी कोण वाट बघतंय’ म्हणत पाळी लग्न न झालेल्या मुलांच्या गळ्यात पडते. यादी आडनावांच्या क्रमाने लावा. अदलाबदल ज्यांची त्यांनी करावी, टीम लीडने नाही.

रात्री साडेनऊनंतर महिला कर्मचारी थांबणार असेल, तर राज्याच्या २०१७ च्या दुकाने व आस्थापना कायद्यानुसार तिची संमती लागते आणि घराच्या दारापर्यंत नेण्याची सोय कंपनीची. ‘स्टेशनला सोडतो’ चालत नाही. म्हणून तिला पाळीतूनच वगळू नका. ग्राहकाशी बोलणं तुटलं की पुढे अप्रेझलला तेच नडतं.

लंडनचाही ग्राहक असेल तर तारखा वेगळ्या : तिथली घड्याळं मार्च आणि ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी बदलतात.