नवीन पीसीत साउंड कार्ड घालावं का? आधी आवाजाचा रस्ता तपासा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: मदरबोर्ड, प्रोसेसर, ग्राफिक्स कार्ड ठरलंय, एक छोटा पीसीआय एक्सप्रेस स्लॉट रिकामा राहतोय, त्यात साउंड कार्ड, म्हणजे आवाजाचं काम करणारं वेगळं कार्ड, बसवावं का? गाणी भरपूर ऐकता, गेम खेळता आणि पुढे कधीतरी स्वतःचा आवाज रेकॉर्ड करायचा विचार आहे.

माझं उत्तर: आत्ता घेऊ नका. मशीन जोडा, बोर्डावरच्याच ऑडिओवर थोडे दिवस ऐका. काही खटकलं तर नेमकं काय खटकतंय ते शोधा. साउंड कार्ड ही नंतरही सहज घालता येणारी वस्तू आहे, आणि ज्या तक्रारींसाठी लोक ते घेतात त्यातल्या बऱ्याच तक्रारी त्याने जातच नाहीत.

साउंड कार्ड लागतंच ही समजूत जुन्या काळातून आली, आणि त्या काळी ती खरीच होती. पीसीला नुसतं बीप करता यायचं. 1987 मध्ये ॲडलिब हे साउंड कार्ड आलं, 1989 मध्ये साउंड ब्लास्टर, आणि गेममध्ये खरं संगीत वाजायला लागलं. पुढे इंटेलने 1997 मध्ये एसी'97 आणि 2004 मध्ये एचडी ऑडिओ ही बोर्डावरच्या ऑडिओची मानकं आणली, तेव्हापासून ऑडिओ चिप बोर्डावरच येते. कार्डाचा दुसरा मोठा फायदा, म्हणजे गेममधल्या आवाजाची प्रक्रिया स्वतः करून प्रोसेसरचा भार हलका करणं, तोही विंडोज व्हिस्टापासून जवळजवळ संपला, कारण डायरेक्टसाउंड या विंडोजच्या ऑडिओ व्यवस्थेचं हार्डवेअर ॲक्सिलरेशन त्यात काढून टाकलं. आजच्या प्रोसेसरला हा भार जाणवतही नाही.

आता सगळ्यात महत्त्वाचं. तुमचा आवाज कुठल्या रस्त्याने बाहेर पडतो? यूएसबी हेडसेट असेल तर डिजिटलचं ॲनालॉग करणारा भाग, म्हणजे डॅक, हेडसेटमध्येच असतो. ब्लूटूथलाही तेच. एचडीएमआयने मॉनिटर, टीव्ही किंवा होम थिएटरच्या रिसीव्हरकडे आवाज जात असेल तर तो ग्राफिक्स कार्डातून जातो. ऑप्टिकल केबलने जात असेल तर डॅक पलीकडच्या यंत्रात. या चारही रस्त्यांवर आतल्या कार्डाच्या डॅकला काही कामच नाही. पुष्कळ जण कार्ड घेतात आणि यूएसबी हेडसेट वापरत राहतात, याचं मला खरंच वाईट वाटतं.

उरला साडेतीन मिलिमीटरचा जॅक. इथे बोर्डाची गुणवत्ता ऐकू येऊ शकते. सीडीच्या 16 बिटांना साधारण 96 डेसिबलची डायनॅमिक रेंज, म्हणजे सगळ्यात मोठ्या आणि सगळ्यात बारीक आवाजातलं अंतर, मिळते. साध्या बोर्डांवरच्या चिपचा आकडा त्याच्याच आसपास असतो, आणि रिअलटेक एएलसी1220 सारखी वरच्या वर्गातली चिप कागदावर 120 डेसिबलपर्यंत जाते. कागदावर म्हणतोय, कारण चिपचा आकडा आणि जॅकपाशी मिळणारा आकडा वेगळे. मधल्या वाटेवर बोर्डाची आखणी, कपॅसिटर आणि केबल हे सगळं येतं.

त्यातही खरी गडबड करते ती कॅबिनेटच्या पुढच्या जॅककडे जाणारी बारीक केबल. बहुतेक बोर्डांवर तिचं कनेक्टर खालच्या कोपऱ्यात, मागच्या बाजूला असतं. तिथून ती कॅबिनेटची अख्खी लांबी पार करून पुढे येते, बऱ्याचदा ग्राफिक्स कार्डाच्या खालून आणि पंख्यांच्या वायरींना चिकटून. वाटेत जो विद्युत चुंबकीय कचरा असेल तो ती उचलते. हे तपासणं सोपं आहे. हेडफोन पुढच्या जॅकला लावा, आवाज नेहमीच्या पातळीवर ठेवा, काहीही वाजवू नका. मग एखादं लांबलचक पान भराभर स्क्रोल करा, माऊस गोल फिरवा, एखादा गेम उघडून त्याच्या मेनूवर थांबा. हालचालीबरोबर किरकिर किंवा बारीक शिट्टी वर-खाली होत असेल तर तोच हेडफोन मागच्या हिरव्या जॅकला लावून पुन्हा ऐका. मागे शांतता असेल तर दोष चिपचा नाही, केबलचा आहे. ती ग्राफिक्स कार्डापासून लांबून, मदरबोर्डाच्या मागच्या बाजूने फिरवून आणा, किंवा मागच्याच जॅकला एक चांगली एक्स्टेंशन लावा. आणि हेडफोन कानावरून काढल्यावरही शिट्टी ऐकू येत असेल तर ती ग्राफिक्स कार्डाच्या किंवा पॉवर सप्लायच्या कॉइलची. तिचा ऑडिओशी काही संबंध नाही.

स्पीकरमधून सतत ‘हूं’ असा जाड आवाज येत असेल तर बहुधा ग्राउंड लूप आहे: पीसी आणि स्पीकर वेगवेगळ्या सॉकेटवर, आणि अर्थिंगचे दोन रस्ते ऑडिओ केबलमुळे जोडले गेलेले. दोन्ही एकाच एक्स्टेंशन बोर्डावर घ्या. तरी गेला नाही तर ऑडिओ केबलच्या मध्ये आयसोलेशन ट्रान्सफॉर्मर लावा किंवा ऑप्टिकलने जा. अर्थिंगची पिन काढून टाकण्याचा सल्ला कोणी दिला तर कृपा करून ऐकू नका, जिवाशी खेळ आहे तो. नवीन कार्डही त्याच कॅबिनेटच्या ग्राउंडवर बसणार असल्याने हा आवाज बहुतेक वेळा तसाच राहतो. मध्येच तडतड होत असेल तर आधी ड्रायव्हर पाहा. लेटन्सीमॉन नावाचं प्रोग्राम लावून ठेवलं की कुठला ड्रायव्हर वेळ खातोय ते दिसतं. बऱ्याचदा तो नेटवर्कचा किंवा ग्राफिक्सचा निघतो.

पैसे खर्च करण्याजोगं एक कारण मात्र नक्की आहे: हेडफोन. ओहम हे इम्पीडन्सचं, म्हणजे विद्युत अडथळ्याचं माप. 32 ओहमचा साधा हेडफोन कुठल्याही बोर्डावर पुरेसा वाजतो. 250 किंवा 300 ओहमचा लावला की आवाज पूर्ण वाढवूनही लहान वाटतो, कारण त्याला व्होल्टेज जास्त लागतं. उलट बाजूही असते. अतिसंवेदनशील इअरफोनमध्ये बोर्डाची बारीक ‘सूं’ ऐकू येते, आणि जॅकचा आउटपुट इम्पीडन्स जास्त असेल तर त्याचा सूरही बदलतो, विशेषतः एकाच इअरफोनमध्ये आवाज काढणारे अनेक छोटे भाग असतील तर. हेडफोनच्या इम्पीडन्सचा आठवा भाग किंवा त्याहून कमी आउटपुट इम्पीडन्स असावा, हा ढोबळ नियम चांगला आहे. बोर्डाच्या माहितीपत्रकात हा आकडा क्वचितच छापतात. अशा वेळी डॅक आणि ॲम्प (सिग्नल वाढवणारा भाग) एकत्र असलेली छोटी बाहेरची यूएसबी पेटी घ्या, असं मी म्हणेन. ती कॅबिनेटच्या गोंगाटाबाहेर राहते, पुढचं मशीन बदललं तरी चालते, लॅपटॉपलाही जोडता येते आणि जाड ग्राफिक्स कार्डाखाली दबलेल्या स्लॉटची वाट बघत नाही.

रेकॉर्डिंगचं तर साउंड कार्डाशी नातंच जुळत नाही. गुलाबी जॅक साध्या छोट्या माइकसाठी असतो. एक्सएलआर कंडेन्सर माइकला 48 व्होल्टची फँटम पॉवर (केबलमधूनच माइकला मिळणारी वीज) आणि बरा प्रीॲम्प (माइकचा सिग्नल वाढवणारा भाग) लागतो, ते ऑडिओ इंटरफेस नावाच्या बाहेरच्या पेटीत असतं. गाताना स्वतःचा आवाज उशिरा ऐकू आला की ताल सुटतो. 48 किलोहर्ट्झला 1024 सॅम्पलचा बफर (आवाज क्षणभर साठवायची जागा) म्हणजे सुमारे 21 मिलिसेकंद, 128 चा म्हणजे तीनहूनही कमी. इतका लहान बफर न अडखळता चालवायचा तर इंटरफेसचं स्वतःचं आसिओ ड्रायव्हर, म्हणजे आवाज कमी उशिराने नेणारं सॉफ्टवेअर, हवं. त्या दिवशी इंटरफेस घेतलात की हेडफोनचा जॅकही त्यातच मिळेल.

मग आतलं कार्ड कोणी घ्यावं? टेबलावर आणखी एक पेटी नकोच असणाऱ्याने. किंवा ज्याचा जुना रिसीव्हर फक्त ऑप्टिकल घेतो आणि गेमचा 5.1 (सहा चॅनलचा) आवाज त्यातून पाठवायचा आहे, त्याने. त्यासाठी डॉल्बी डिजिटल लाइव्ह, म्हणजे ते चॅनल तिथल्या तिथे कॉम्प्रेस करून पाठवणं, जमणारं कार्ड कामाचं, कारण कॉम्प्रेस न करता ऑप्टिकलमधून दोनच चॅनल जातात. जुन्या डॉसच्या गेमसाठी खरं जुनं मशीन जपणाऱ्यालाही हवंच, आणि तो आनंद फार मोठा असतो.

बोर्ड अजून विकत घेतला नसेल तर मागच्या पॅनलवर ऑप्टिकल आउट आहे का, आणि ग्राफिक्स कार्ड बसल्यावर तो छोटा स्लॉट खरंच मोकळा राहतो का, एवढं बघून घ्या. आणि हेडफोन कुठला आहे, त्यावर ओहम किती लिहिलेत, ते कळवा. ॲम्प लागेल की नाही ते मग नेमकं सांगता येईल.