कुंभाराची रोमन भट्टी कशी ओळखतात?

प्रश्न : इंग्लंडमध्ये रोमन काळातील कुंभाराची भट्टी सापडल्याचे वाचले. जळालेल्या मातीवरून एवढे कसे ठरवतात? आमच्या जवळच्या तेर येथील खापरांना हेच निकष लावता येतील काय?
— एक वाचक, सोलापूर

उत्तर : आपल्याकडच्या आव्यात भांडी आणि जळण एकत्रच रचतात. रोमन भट्टीत मात्र विस्तव खाली आणि भांडी वर असत; बाजूच्या खड्ड्यातून जळण सारले की ज्वाळा खालच्या कोठीत शिरत आणि भोके ठेवलेल्या मातीच्या तळातून धग वरच्या भांड्यांपर्यंत पोहोचे. वरचे आच्छादन सहसा टिकत नाही. हाती लागतात त्या कोठीच्या भाजून टणक झालेल्या भिंती आणि त्या सच्छिद्र तळाचे तुकडे.

माझ्या मते सर्वांत बोलका पुरावा शेजारच्या उकिरड्यात असतो. कडा वाकलेले वाडगे, एकमेकांना चिकटून बसलेल्या थाळ्या, तडकलेले बुडखे! चांगले भांडे विकले जाऊन शेकडो मैल दूर जाऊ शकते, पण बिघडलेले कोणी घेत नाही, म्हणून ते जिथे भाजले तिथेच पडून राहते.

काळ ठरवताना भांड्यांचे घाट उपयोगी पडतातच. शिवाय मातीतील लोहयुक्त कण तापून निवताना पृथ्वीच्या त्या वेळच्या चुंबकीय क्षेत्राची दिशा धरून ठेवतात. ती मोजून भट्टी शेवटची केव्हा पेटली याचा अंदाज बांधता येतो. त्यासाठी भिंत जागची हललेली नसावी लागते.

तेर म्हणजे ‘पेरिप्लस’ या ग्रीक प्रवासग्रंथातील तगर, तेव्हा रोमन जगाशी त्याचा व्यापारी संबंध होता यात शंका नाही. परंतु नुसत्या घाटावरून खापराला रोमन म्हणणे धोक्याचे आहे. 1945 मध्ये पुदुच्चेरीजवळील अरिकमेडू येथे पुरातत्त्वज्ञ मॉर्टिमर व्हीलर यांना इटलीतील अरेत्सोच्या धाटणीची लाल झिलईदार भांडी मिळाली. तिथेच सापडलेल्या, आत बारीक ठिपक्यांची वलये असलेल्या थाळ्यांचे मूळही त्यांनी भूमध्य प्रदेशात मानले. पुढे मातीच्या पृथक्करणातून त्या भारतातच घडल्याचे दिसून आले. तेरच्या खापरांबाबतही मातीची तपासणी हाच भरवशाचा मार्ग आहे.

तेर परिसरात नांगरताना चिकटलेली, वेडीवाकडी खापरे दिसली, तर ती न उचलता राज्याच्या पुरातत्त्व विभागाला कळवावे, कारण जागेवरून हललेले खापर भट्टीचा ठाव सांगू शकत नाही.