पंथातून बाहेर पडलेल्यांना मागे वळून बघताना पश्चात्ताप होतो का?

तुम्ही विचारलंय की तुमची आत्या बऱ्याच वर्षांनी एका महाराजांच्या पंथातून बाहेर पडली, तर तिला आता 'आपण फसलो' असं वाटत असेल का, आणि तिच्याशी बोलायचं काय. दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर आधी देते. तिच्याकडून 'मी फसले' हे वदवून घ्यायला जाऊ नका. माझा सख्खा भाऊ माझ्या बाबतीत तेच करत आलाय, म्हणून सांगते.

मी सदाशिव पेठेतली. 1978 साली कॉलेजात असताना कोरेगाव पार्कातल्या आश्रमात रजनीशांकडे, म्हणजे पुढे ज्यांना ओशो म्हणू लागले त्यांच्याकडे, संन्यास घेतला. गेरव्या रंगाचा झगा, गळ्यात 108 मण्यांची माळ, माळेत त्यांचा फोटो आणि नावाआधी 'माँ'. त्या वेषात पेठेतून सायकल मारत जायचं म्हणजे काय, हे तेव्हाच्या पुणेकरांना वेगळं सांगायला नको. पहाटे सहाला डायनॅमिक ध्यान. दहा मिनिटं भात्यासारखा श्वास, मग दहा मिनिटं ओरडा, रडा, आपटा, आत असेल ते बाहेर काढा. मग हात वर करून 'हू हू' करत उड्या, मग आहे तिथेच निश्चल उभं राहायचं आणि शेवटी नाच. आमच्याकडे मुलींनी मोठ्याने हसलेलं चालत नसे. वडील गेले तेव्हा 'तू रडायला लागलीस तर आईकडे कोण बघणार' म्हणून मला गप्प केलं होतं. ते अडकलेलं रडू त्या हॉलमध्ये एका पहाटे फुटलं. शेजारी एक जर्मन बाई डोळ्यांवर पट्टी बांधून किंचाळत होती. माझ्याकडे कुणी वळूनही बघितलं नाही, आणि मला तेच हवं होतं. त्या पहाटेचं ऋण मी आजही मानते.

1981 च्या जूनमध्ये रजनीश अचानक अमेरिकेला गेले. आश्रम ओस पडला. आईला एकटीला टाकून मला जायचं नव्हतं, पुढे नोकरी लागली, माळ कपाटात गेली. आईने झग्याचे तुकडे करून गोधडीत लावले. भांडण नाही, तंटा नाही, बाहेर पडणं असंही असतं.

मग 1985. अमेरिकेतल्या ऑरेगन राज्यात 64,000 एकरांच्या रँचवर त्यांच्या लोकांनी रजनीशपुरम नावाची वसाहत उभी केली होती. तिथल्या काही जणांनी आदल्या वर्षी द डॅलेस गावातल्या रेस्टॉरंटांच्या सॅलडमध्ये साल्मोनेलाचे जंतू कालवून 751 माणसं आजारी पाडली होती. कशासाठी, तर काउंटीच्या, म्हणजे तिथल्या जिल्ह्याच्या, निवडणुकीत गावकऱ्यांनी मतदानाला येऊ नये म्हणून! 1985 च्या सप्टेंबरात रजनीशांची सचिव शीला पळाली, ऑक्टोबरअखेर खुद्द रजनीशांना अटक झाली.

त्या भाऊबिजेला दादा वर्तमानपत्रांची कात्रणं घेऊनच आला. पाटावर बसला, मी टिळा लावला, निरांजन उचललं, तर म्हणतो, "आधी सगळ्यांसमोर म्हण, मी फसले. मग ओवाळणी." काकू, मामा, चुलत भावंडं, सगळी बसलेली. मी ओवाळलं आणि म्हटलं, "दादा, तिथे झालं ते पाप आहे. मला मिळालं तेही खरं आहे. ओवाळणी राहू दे." आणि ताट घेऊन आत गेले. आई काही बोलली नाही. दादाला वाढून झाल्यावर माझ्याजवळ स्वयंपाकघरात येऊन बसली.

तेव्हापासून प्रत्येक लग्नामुंजीत तोच विषय. पण मी तिथे का गेले, हे दादाने एकदाही विचारलेलं नाही. विचारलं तर वडील गेल्यावर आमचं घर कसं झालं होतं, तेही बोलावं लागेल ना.

पश्चात्तापाचं म्हणाल तर माणूस कसा आत गेला आणि कसा बाहेर आला, यावर बरंच अवलंबून असतं. रजनीशपुरममध्ये राबलेले कितीतरी जण आजही सांगतात की आयुष्यातले सगळ्यात चांगले दिवस ते होते, आणि आपल्याच खोल्यांत, फोनवर चोरून ऐकलं जात होतं हेही तेच सांगतात. ऐकणाऱ्याला वाटतं, यांचं डोकं अजून जागेवर नाही. मला ते पूर्ण शुद्धीवरचं बोलणं वाटतं. काहींनी त्या दिवसांचं नावच टाकलं. 1985 मध्ये रजनीशांनी स्वतःच लाल कपडे आणि माळ यांची अट काढून टाकली, तेव्हा काहींना सुटल्यासारखं झालं, तर काहींच्या पायाखालची जमीनच गेली. 1987 मध्ये ते पुण्याला परत आले. मी गेले नाही. तो निर्णय माझा होता, दादाच्या कात्रणांचा नाही.

मुलांचं मात्र वेगळं. मी स्वतःच्या पायांनी गेले होते, मुलांना आईबापांनी नेलं. इंग्लंडात सफकमधल्या मेदिना या रजनीशांच्या अनुयायांच्या कम्यूनमध्ये वाढलेल्या मुलांनी मोठेपणी लिहिलंय, सांगितलंय: आईबापांपासून तुटणं, दुर्लक्ष आणि काहींच्या बाबतीत लैंगिक अत्याचारसुद्धा. तिथे 'मला मिळालं तेही खरं' हे माझं वाक्य कुणी पुढे करू नये. मीही करत नाही.

आत्याकडे जाल तेव्हा महाराजांचा विषय तुम्ही काढू नका. तिथल्या मैत्रिणींबद्दल विचारा, कोणते अभंग म्हणायचात ते विचारा. तिच्या देव्हाऱ्यातला फोटो तिच्या नकळत उचलून टाकू नका. ती शिव्या देईल तर ऐका, रडेल तर रडू द्या, आणि चार चांगल्या गोष्टी सांगेल तर तोंड वाकडं करू नका. घरातल्या कुणी 'आम्ही सांगत होतो' सुरू केलं, तर त्याला उठवून बाहेर न्या. माझ्यासाठी त्या दिवशी कुणी उठलं नाही.

आणि हो, तिने पैसे, दागिने किंवा जमिनीचे कागद तिथे दिले असतील, कोऱ्या कागदावर सह्या केल्या असतील, तर आधी वकील गाठा. तिच्या अंगाला कुणी हात लावला असेल आणि तिची तयारी असेल, तर पोलिसांत तिच्याबरोबर जा. महाराष्ट्राचा 2013 चा जादूटोणाविरोधी कायदा अघोरी प्रकारांसाठी आहे, नुसत्या भक्तीसाठी किंवा देणगीसाठी नाही, त्यामुळे तिथे नेमकं काय घडलं ते आत्याकडूनच नीट समजून घ्या.