दुप्पट-तिप्पट स्पीडचा प्लॅन घ्यायच्या आधी

प्रश्न बडोद्याच्या दांडिया बाजारातल्या एका ताईंचा आहे. त्या पुण्यातल्या कंपनीचं काम घरून करतात. सध्या १०० एमबीपीएसचा प्लॅन आहे, महिना ६९९ रुपये अधिक जीएसटी. दुसऱ्या मजल्यावरच्या खोलीत मीटिंग चालू असताना चित्र गोठतं, आवाज तुटतो. रात्री तिथेच मोबाइलवर स्पीड तपासला तर १८ आला. आता एक केबलवाला ३०० एमबीपीएसची जोडणी देतोय : वर्षाचे १४,४०० अधिक जीएसटी एकदम भरा, वर दोन महिने फुकट. भरावेत का?

ताई, आत्ता भरू नका. कारण तुमच्याच पत्रात आहे. तळमजल्यावर, नेटच्या डब्याजवळ (राउटरजवळ) बसून मुलगा फाइल उतरवतो तेव्हा ११ चा आकडा दिसतो, म्हणून तुम्हाला फसवल्यासारखं वाटतंय. पण तो आकडा मेगाबाइटचा आहे आणि प्लॅन मेगाबिटमध्ये विकतात (एमबीपीएस म्हणजे सेकंदाला इतके मेगाबिट). आठ बिटांचा एक बाइट, म्हणजे ११ गुणिले ८, ८८. शंभराच्या लाइनवर हे चांगलंच आहे. कंपनी दारापर्यंत माल पोचवतेय, तो जिन्यात सांडतोय. जुन्या घरांच्या जाड विटांच्या भिंती आणि मध्ये दोन मजले, वायफाय तिथेच दमतं.

आणखी एक. व्हिडिओ मीटिंगला साधारण तीन-चार एमबीपीएस पुरतात. १८ मिळत असूनही चित्र गोठतं, म्हणजे अडचण स्पीडच्या आकड्यात नाही, सिग्नल स्थिर नसण्यात आहे. खाली ३०० आणून ठेवले तरी वरच्या खोलीत हेच होणार.

तरी खात्री करून घ्या. लॅपटॉपला लॅन केबल लावून थेट डब्याला जोडा, घरातले बाकीचे मोबाइल नेटवरून काढा आणि चाचणी घ्या. एकदा सकाळी, एकदा रात्री नऊ-दहाला, कारण सगळी गल्ली तेव्हाच नेटवर असते. चाचणीचा सर्व्हर, म्हणजे ज्या संगणकाशी स्पीड मोजला जातो तो, मुंबईचा निवडा. आपोआप निवडलेला सर्व्हर बरेचदा जवळचा, कधी त्याच कंपनीचा असतो आणि आकडा गोड दाखवतो. डाउनलोडइतकंच अपलोड आणि पिंग (सिग्नल जाऊन परत यायला लागणारा वेळ) बघा, मीटिंगमध्ये तुमचा चेहरा अपलोडवरच जातो. मोबाइलवर ट्रायचं, म्हणजे दूरसंचार नियामकाचं, मायस्पीड ॲप आहे, पण वायफायवर घेतलेली चाचणी लाइनची नसते, तुमच्या घराची असते.

आता पैशांचं. नव्या प्लॅनचे जीएसटीसकट १६,९९२ होतात. तेवढ्याच चौदा महिन्यांचं तुमचं आजचं बिल सुमारे ११,५५० होईल. फरक जवळपास साडेपाच हजारांचा. त्याऐवजी खालून वर एक लॅन वायर ओढून वरच्या खोलीत दुसरा राउटर बसवा, मजुरीसकट साधारण तीन-चार हजारांत काम होतं आणि तो खर्च एकदाच असतो. वायर शंभर मीटरपर्यंत चालते, तुमच्या घरात वीसही लागणार नाही. माझं मत स्पष्ट आहे : हे आधी करा. आणि पुण्याची कंपनी इंटरनेटचं बिल भरून देते का, तेही विचारा. पुष्कळ कंपन्या देतात आणि पुष्कळ लोक मागतच नाहीत.

दोन महिने फुकट ही सवलत खोटी नाही. चौदात दोन म्हणजे १४ टक्के सूट, बँकेच्या मुदत ठेवीत एवढं सुटत नाही. पण ती कमाई सेवा चौदा महिने नीट चालली तरच. केबलवाला बहुधा कुठल्या तरी परवानाधारक कंपनीचा भागीदार असतो. बिल कोणत्या कंपनीच्या नावाने येणार, हे विचारा. त्याच्या खासगी यूपीआयवर ठोक रक्कम टाकू नका. मध्येच बंद केलं किंवा घर बदललं तर पैसे परत किती, हे लेखी घ्या. लेखी देत नसेल तर महिन्याच्या रिचार्जवरच राहा, थोडं महाग पडलं तरी.

केबल लावूनही रात्री ३०-४० च आले, तर मात्र लाइन बदलायचा विचार योग्य. आधी कंपनीकडे तक्रार नोंदवून डॉकेट नंबर (तक्रार क्रमांक) घ्या. दाद नाही मिळाली तर त्याच कंपनीच्या अपील प्राधिकाऱ्याकडे जाता येतं, त्याला पैसे पडत नाहीत. मग जिओ, एअरटेल, बीएसएनएल आणि आपल्या गुजरातची जीटीपीएल यांच्यापैकी तुमच्या गल्लीत कोणाची फायबर घरापर्यंत येते ते शेजारी विचारा. जाहिरातीपेक्षा समोरच्या घरातला रात्री दहाचा आकडा जास्त खरा. पावसाळ्यात कोणाची लाइन किती दिवस बंद होती, हेही विचारा; २०२४ च्या ऑगस्टअखेर विश्वामित्री नदीचं पाणी शहरात शिरलं होतं, तेव्हाचा अनुभव शेजाऱ्यांना चांगलाच आठवत असेल. नवी लाइन घेतलीत तर पहिले तीन महिने दर महिन्यालाच भरा, जुनी त्यातला एक महिना चालू ठेवा. त्या एका महिन्याचे ८२५ रुपये जास्तीचे जातील, पण तुमचा पगार नेटवर अवलंबून आहे, तिथे एवढा खर्च करायलाच हवा.