‘एलपी’ विनंती क्रमांक देतो, पण कागद बाहेर येत नाही

आपल्या प्रश्नावरून मला समजले ते असे: उबुंटूच्या संगणकावर टर्मिनलमधून ‘एलपी’ ही आज्ञा देऊन फाइल पाठवली की लगेच विनंती क्रमांक मिळतो, चूक दाखवणारा संदेश कुठलाही येत नाही, आणि तरीही घरातील वायफायवर जोडलेल्या लेझर प्रिंटरमधून कागद बाहेर पडत नाही, मोबाइलवरून मात्र त्याच प्रिंटरवर व्यवस्थित छपाई होते. शिवाय पूर्वी टर्मिनलवरून छपाई होत असे तेव्हाही मराठी मजकुराची साधी फाइल तुटक्या अक्षरांत आली होती. या दोन अडचणींचा एकमेकींशी संबंध नाही, म्हणून मी त्या वेगवेगळ्या घेतो. आज्ञांची नावे मी उच्चाराप्रमाणे देवनागरीत लिहिली आहेत. टर्मिनलवर ती नेहमीप्रमाणे लहान रोमन अक्षरांत टाइप करावीत, आणि जिथे अक्षर मोठे हवे तिथे मी तसे स्पष्ट सांगितले आहे.

विनंती क्रमांक म्हणजे पोस्टात रजिस्टर केल्याची पावती. पाकीट खिडकीवर स्वीकारले गेले एवढेच ती सांगते. ते पत्त्यावर पोचले की नाही, हे तिच्यावरून कळत नाही. ‘एलपी’ ही आज्ञा आपली फाइल ‘कप्स’ या छपाईव्यवस्थेच्या हवाली करते, आणि ही व्यवस्था प्रिंटरमध्ये नसून आपल्याच संगणकावर चालते. तिथे फाइल रांगेत लागते, प्रिंटरला समजेल अशा स्वरूपात बदलली जाते, आणि मग नेटवर्कवरून पुढे रवाना होते. प्रिंटर बंद असला, किंबहुना तो आपण मागच्याच वर्षी भंगारात विकला असला, तरी क्रमांक मिळायचा तो मिळतोच. त्यामुळे आपल्याला शोधायचे आहे ते एवढेच, की पाकीट नेमके कोणत्या टप्प्यावर अडकले आहे.

मोबाइलवरून छपाई होते, हा आपण दिलेला सर्वांत मोलाचा धागा आहे. प्रिंटर, त्याचे टोनर आणि वायफाय ठीक आहेत, हे त्यावरून सिद्ध होते. मोबाइल बहुधा प्रत्येक वेळी नेटवर्कवर प्रिंटरचा नव्याने शोध घेतो. संगणकावरील रांगेत मात्र प्रिंटर पहिल्यांदा जोडला त्या दिवशीचा पत्ता तसाच लिहून ठेवलेला असू शकतो. माझा संशय तिथेच आहे, पण आधी रांगेची स्थिती पाहू.

‘एलपीस्टॅट’ लिहून पुढे जागा सोडून डॅश आणि ‘टी’ टाइप करावे. येणाऱ्या ओळींत प्रिंटर ‘डिसेबल्ड’ दिसतो का आणि रांग काम स्वीकारत आहे का, हे दोन मुद्दे स्वतंत्रपणे पाहावेत, कारण स्वीकारणे आणि छापणे ही ‘कप्स’च्या लेखी वेगळी कामे आहेत. प्रिंटरशी संपर्क झाला नाही की रांग थांबवून ठेवायची, अशी मांडणी पुष्कळ ठिकाणी असते; मग नवी कामे स्वीकारली जातात, क्रमांक मिळत राहतात आणि छपाई मात्र थांबलेलीच असते. आपल्या वर्णनाशी हे तंतोतंत जुळते. ‘कप्सइनेबल’ लिहून पुढे रांगेचे नाव दिले की ती पुन्हा चालू होते, आणि रांग काम नाकारत असेल तर ‘कप्सअ‍ॅक्सेप्ट’ वापरावे. तथापि, हे करण्याआधी ‘कॅन्सल’ डॅश ‘ए’ अशी आज्ञा देऊन साचलेली कामे रद्द करावीत. मी एकदा ती खबरदारी घेतली नाही, आणि ‘का येत नाही’ म्हणून आठवडाभर पुन:पुन्हा पाठवलेल्या एकाच वीजबिलाच्या चौदा प्रती रांगेने बाहेर आल्या.

रांग चालू केल्यावर ती पुन्हा थांबली, तर पत्ता तपासावा. ‘एलपीस्टॅट’ डॅश ‘व्ही’ ही आज्ञा प्रत्येक रांगेचा पत्ता दाखवते. तो ‘सॉकेट’ या शब्दाने सुरू होऊन पुढे चार आकड्यांचा असेल, तर प्रिंटरच्या पडद्यावर किंवा त्याने छापलेल्या नेटवर्क अहवालावर दिसणाऱ्या आकड्यांशी तो ताडून पाहावा. घरातील राउटर हे पत्ते ठरावीक मुदतीसाठी वाटतो. वीज जाऊन आली आणि सगळी उपकरणे एकदम सुरू झाली, की कालचा पत्ता आज दुसऱ्याच्या वाट्याला जाऊ शकतो.

इथे मी स्वतः एक अख्खा रविवार वाया घालवला आहे. माझ्या रांगेत प्रिंटरचा पत्ता १९२.१६८.१.७ असा होता. मी ‘पिंग’ करून, म्हणजे त्या पत्त्यावर कुणी उत्तर देते का याची हाक मारून पाहिले आणि तत्काळ उत्तर आले, म्हणून नेटवर्क निर्दोष ठरवून दिवसभर ड्रायव्हर (संगणकाला प्रिंटरची भाषा शिकवणारा प्रोग्राम) काढत आणि घालत बसलो. संध्याकाळी लक्षात आले की उत्तर देत होता तो टीव्हीखालचा सेट-टॉप बॉक्स. राउटर पुन्हा सुरू झाल्यावर तो पत्ता त्याला मिळाला होता आणि प्रिंटर एक घर पुढे सरकला होता. तेव्हापासून मी ‘पिंग’च्या उत्तरावर विसंबत नाही. त्याऐवजी ‘एनसी’, जागा, डॅश, ‘झेडव्ही’, मग पत्ता आणि शेवटी पोर्टचा, म्हणजे उपकरणावरील त्या-त्या सेवेच्या दाराचा, क्रमांक अशी आज्ञा देऊन प्रिंटरचे दार उघडे आहे का ते पाहावे. इंटरनेट प्रिंटिंग प्रोटोकॉल, म्हणजे आयपीपी, ६३१ क्रमांकाच्या पोर्टवर चालतो, थेट कच्चा मजकूर स्वीकारणारे पोर्ट बहुधा ९१०० असते, आणि जुन्या एलपीडी पद्धतीचे ५१५. सेट-टॉप बॉक्स यांपैकी कुठल्याही दारात उभा नसतो.

पत्ता बदललेला आढळला तर दोन उपाय आहेत. राउटरच्या मांडणीत जाऊन प्रिंटरच्या मॅक क्रमांकासाठी (उपकरणाच्या नेटवर्क ओळख क्रमांकासाठी) एक पत्ता राखून ठेवणे हा पहिला, आणि मला तोच अधिक पसंत आहे, कारण तो घरातील सर्व संगणकांना एकदमच लागू पडतो. दुसरा उपाय म्हणजे आकड्यांऐवजी ‘डॉट लोकल’ने संपणारे प्रिंटरचे नाव वापरून नवी रांग तयार करणे. त्यासाठी ‘एलपीअ‍ॅडमिन’ या आज्ञेत डॅश ‘पी’ आणि रांगेचे नाव, मग डॅश आणि मोठे ‘ई’, मग डॅश ‘व्ही’ आणि आयपीपीचा पत्ता, आणि शेवटी डॅश ‘एम’ आणि ‘एव्हरीव्हेअर’ हा शब्द द्यावा. प्रिंटर आयपीपी एव्हरीव्हेअर किंवा एअरप्रिंट जाणणारा असेल, तर त्याला वेगळा ड्रायव्हर लागत नाही. मोबाइलवरून कुठलेही खास अ‍ॅप न घालता छपाई होत असेल, तर आपला प्रिंटर बहुधा त्यांपैकीच आहे. या आज्ञेतील मोठ्या ‘ई’ची जागा महत्त्वाची आहे. तो रांगेच्या नावानंतर आला तर रांग चालू करून काम स्वीकारायला लावतो, आणि डॅश ‘पी’च्या आधी आला तर सर्व्हरशी सांकेतिक (एन्क्रिप्टेड) जोडणीची सक्ती करतो. एकाच अक्षराला दोन अर्थ देण्याची ही कल्पना कोणाची होती ते असो, पण तिच्यापायी तयार झालेली रांग बंदच राहिल्याची उदाहरणे मी पाहिली आहेत.

पत्ता आणि दार दोन्ही ठीक असूनही कागद येत नसेल, तर प्रिंटरवरचा दिवा लुकलुकतो आहे का, ते पाहावे. पुष्कळदा फाइल लेटर आकाराची, म्हणजे २१६ बाय २७९ मिलिमीटरची असते आणि ट्रेमध्ये ए४ असतो. मग प्रिंटर योग्य कागद मिळण्याची निमूटपणे वाट पाहत बसतो. ‘एलपी’पुढे डॅश ‘ओ’ देऊन ‘मीडिया’, बरोबरचे चिन्ह आणि ए४ (इथे ए मोठा) असे जागा न सोडता लिहिले की हा प्रश्न सुटतो. त्याचप्रमाणे, ‘सुडो’ लावून, म्हणजे प्रशासकाच्या अधिकाराने, दिलेली छपाई आणि साधी छपाई वेगवेगळ्या प्रिंटरवर जाऊ शकते, कारण आपल्या खात्याने ‘एलपीऑप्शन्स’ने निवडलेला प्रिंटर आपल्यापुरताच असतो.

एवढ्यानेही उलगडा झाला नाही, तर ‘कप्सकंट्रोल’ (टाइप करताना ‘कप्स’नंतर फक्त सी, टी आणि एल ही तीन अक्षरे) लिहून पुढे दोन डॅश आणि ‘डीबग-लॉगिंग’ असे देऊन तपशीलवार नोंद सुरू करावी, एकच पान पाठवावे, आणि ‘व्हार’, ‘लॉग’, ‘कप्स’ या फोल्डरांत याच क्रमाने आत जाऊन ‘एरर अंडरस्कोर लॉग’ या फाइलचा शेवट वाचावा. तिथे ‘फिल्टर फेल्ड’ असे दिसले तर दोष नेटवर्कमध्ये नसून फाइलचे रूपांतर करणाऱ्या भागात आहे, आणि बहुतेक वेळा तो ड्रायव्हरच्या अर्धवट स्थापनेमुळे असतो. काम झाल्यावर ‘नो-डीबग-लॉगिंग’ देऊन ही नोंद बंद करावी, अन्यथा ती फाइल फुगत जाते.

आता मराठी मजकुराविषयी. साधी टेक्स्ट फाइल ‘एलपी’ला दिली की ती पानावर मांडण्याचे काम ‘कप्स’सोबतचा फिल्टर करतो, आणि तो अक्षरे एकापुढे एक ठेवत जातो, जोडाक्षरे जुळवणे, र्‍हस्व वेलांटी व्यंजनाच्या डावीकडे नेणे, रफार पुढच्या अक्षराच्या डोक्यावर चढवणे हे त्याच्या आवाक्याबाहेरचे आहे. थेट ९१०० पोर्टवर युनिकोड मजकूर ढकलला तर स्थिती याहून वाईट होते, कारण प्रिंटरमध्ये देवनागरीचा फाँट बहुधा नसतोच. म्हणून अक्षरांची जुळणी संगणकावरच करून मग पान पाठवावे. ‘पॅप्स’ नावाचा छोटा प्रोग्राम पँगो ही लिपिजुळणीची व्यवस्था वापरतो. त्याला फाइल द्यावी, फाँट म्हणून नोटो सान्स देवनागरी सांगावा, आणि त्यातून बाहेर येणारे पान उभ्या रेघेने जोडून ‘एलपी’कडे वळवावे. लांब मजकुरासाठी मी लिब्रेऑफिसला ‘हेडलेस’ पर्याय देऊन, खिडकी न उघडता, आधी पीडीएफ करून घेतो, कारण पान कुठे तुटते आहे ते छापण्यापूर्वी पाहता येते.

आपण आधी ‘एलपीस्टॅट’ डॅश ‘टी’ आणि डॅश ‘व्ही’ या दोन आज्ञांची उत्तरे प्रिंटरच्या नेटवर्क अहवालावरील पत्त्यासह इथे द्यावीत. पत्त्यांत तफावत निघाली, तर लॉग वाचण्याची वेळ बहुधा येणार नाही.