सहा दिवस आधीचे २४ इंच

तुम्ही विचारलंय की येत्या रविवारी न्यूयॉर्कवर २४ इंच बर्फ दाखवणारा जीएफएसचा (हवामानाचा अंदाज काढणारं अमेरिकन संगणक-मॉडेल) नकाशा बघितला, तर रविवारचं विमान आत्ताच बदलावं का. आज सोमवार आहे. नका बदलू.

जीएफएस दिवसातून चार वेळा चालतं. पुढच्या रनला, म्हणजे पुढच्या वेळी मॉडेल चालवल्यावर, त्या २४ चे ६ होतील, त्याच्या पुढच्याला वादळ समुद्रातच निघून जाईल आणि मध्यरात्री परत १८ दिसतील. मॉडेलला वेड लागलेलं नसतं. असं वादळ उभं राहायला बहुधा वरच्या हवेच्या प्रवाहातली उत्तरेकडची थंड लहर आणि दक्षिणेकडची लहर यांची वेळेवर गाठ पडावी लागते, आणि यातली एक अजून पॅसिफिकवर असते. तिथे उपग्रहांची नजर असते, पण जमिनीवरच्यासारखं दिवसातून दोनदा हवामान मोजणारे फुगे सोडणाऱ्या केंद्रांचं जाळं नाही. आजची बारीकशी चूक सहा दिवसांत मोठी होते. दहा-बारा तासांची चुकामूक झाली की रविवारी नुसतं ढगाळ!

म्हणून एकटा रन सोडा, एन्सेम्बल बघा, म्हणजे एकाच वेळी चालवलेल्या अनेक रनचा संच. युरोपियन मॉडेलमध्ये सुरुवातीची स्थिती किंचित बदलून असे ५० रन चालवतात, त्यातला प्रत्येक म्हणजे एक मेंबर. त्यांची सरासरी मात्र बघू नका. निम्म्यांत २० इंच आणि निम्म्यांत शून्य असेल तर सरासरी १० येते, आणि १० इंच एकाही मेंबरने दाखवलेले नसतात. प्रत्येक मेंबरने वादळाचं, म्हणजे न्यूनदाबाचं, केंद्र जिथे दाखवलंय तिथे एक ठिपका असतो; ते ठिपके कुठे पडलेत ते बघा. ४० अंश उत्तर, ७० अंश पश्चिम या न्यूयॉर्कच्या पूर्वेला समुद्रातल्या बिंदूच्या आसपास त्यांची गर्दी झाली आणि ती दोन दिवस टिकली, तर मी कान टवकारतो.

जानेवारी २०१५ मध्ये मीही फसलोय. आदल्या दिवशीसुद्धा न्यूयॉर्कला २० ते ३० इंचांचा अंदाज होता, रात्री सबवे बंद केली. मी पहाटे फावडं घेऊन बाहेर आलो तर बर्फ जेमतेम घोट्याच्या वर! सेंट्रल पार्कात ९.८ इंच, बॉस्टनला २४.६. वादळ आलंच होतं, फक्त थोडं पूर्वेला सरकून. बर्फाच्या पट्ट्याची कड इतकी धारदार असते की शंभरेक किलोमीटरचा फरक म्हणजे सगळं किंवा फारसं काहीच नाही. पुढच्याच वर्षी उलट झालं. मोठं वादळ येणार हे जवळपास आठवडाभर आधी दिसत होतं, पण न्यूयॉर्कचा आकडा शेवटपर्यंत वाढवत न्यावा लागला आणि २७.५ इंच पडले.

शिवाय ते नकाशे बऱ्याचदा एक इंच पाण्याचे दहा इंच बर्फ असा सरधोपट हिशोब करतात. वर हवेत एक उबदार थर घुसला की पडतो गारठलेला पाऊस, आणि काही नकाशे तोही बर्फात धरतात. ते रंगीत नकाशे मी शुक्रवारच्या आत उघडतच नाही (खोटं कशाला बोलू, उघडतो, पण कुणाला दाखवत नाही).

तिकिटाचं म्हणाल तर वादळ नक्की झालं की विमान कंपन्या बहुतेकदा एक-दोन दिवस आधी जादा पैसे न घेता तारीख बदलू देतात. तोवर शनिवारच्या विमानात जागा आहेत का तेवढं बघून ठेवा. गुरुवारी रात्री परत विचारा, पण तेव्हा २४ इंचांचा नकाशा नको, ठिपके घेऊन या.